खिडकीतून दिसणारं लंडन नको!



2017 साली माझी अम्मी पहिल्यांदा लंडनला गेली. धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण होतं. चार महिने राहून ती पाथर्डीला परतली, तेव्हा गल्लीतल्या बायका भेटायला जमल्या. "राणीचा वाडा पाहिला का? ते मोठं घड्याळ पाहिलं का? लंडन आहे तरी कसं?" अम्मीनं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "खिडकीतून बरं दिसतं." सगळ्या हसल्या. मला मात्र हसू आलं नाही.

पाथर्डीत हीच बाई आठवडे बाजाराला एकटी जाते, एस.टी.नं नगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन संध्याकाळी परत येते. तिथं मात्र चार महिन्यांत ती घराबाहेर पडली ती जेमतेम सात-आठ वेळा, तीही जावईबापूंच्या मागं मागं. बहीण बाळंतीण आणि जावई कामावर. तिला कुणी कोंडून ठेवलं नव्हतं. पण बस कशी पकडायची, पैसे कुणाला द्यायचे, चुकलो तर काय बोलायचं, हे कुणी शिकवलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

2024 च्या उन्हाळ्यात दुसऱ्या बाळंतपणाची वेळ आली. शाळेला सुट्टी होती, म्हणून पाच आठवडे मीही सोबत गेले. मी परत निघायच्या आत अम्मी एकटी जाऊन एकटी परत आली पाहिजे, एवढं एकच मनाशी ठरवलं होतं.

आज आपल्या अनेक घरांतली मुलं-मुली तिकडं आहेत, आणि बाळंतपणासाठी, नातवंडांसाठी आई-वडील सहा महिन्यांच्या व्हिसावर जात आहेत. या सदराकडं येणाऱ्या पत्रांतही हा विषय येतो. त्यांच्यासाठी, आणि त्यांना बोलावणाऱ्या लेकरांसाठीही, हे लिहीत आहे.

तयारी इथूनच करा

पहिलं काम बँकेचं. आपल्या एटीएम कार्डावर परदेशातला वापर आधी बंदच असतो. तो बँकेच्या अॅपमधून किंवा शाखेत जाऊन सुरू करून घ्यावा लागतो. कार्ड नुसतं टेकवून पैसे भरायची सोयही वेगळी सुरू करावी लागते. शिवाय परदेशातल्या प्रत्येक व्यवहारावर बँक वरचे पैसे किती घेते, तेही विचारून ठेवा. प्रवासाचा आरोग्य विमा काढल्याशिवाय निघू नका, कारण पाहुण्याला तिथं दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर बिल फार मोठं येतं. रोजची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह न्या.

दुसरं काम पाटी-पेन्सिलीचं. अम्मीला उर्दू आणि मराठी वाचता येतं, इंग्रजी नाही. मी तिला इंग्रजी शिकवायला बसले नाही. फक्त 0 ते 9 आकडे आणि ए ते झेड ही अक्षरं ओळखायला शिकवली. लंडनची बस आकड्यावरून ओळखायची आणि बसथांबा अक्षरावरून. तेवढं आलं की निम्मी लढाई जिंकली. पंधरा दिवस रोज इशाच्या नमाजनंतर अर्धा तास बसलो, तेवढ्यात झालं.

तिसरं काम चिठ्ठीचं. एका जाड कागदावर इंग्रजीत मोठ्या अक्षरात घराचा पत्ता, दोन मोबाइल नंबर आणि जवळच्या स्टेशनचं नाव लिहा. पत्त्याच्या शेवटी पोस्टकोड हवाच. आपल्याकडं पिनकोड अख्ख्या गावाचा असतो. तिथं तो काही मोजक्या घरांचा असतो, त्यामुळं नुसत्या पोस्टकोडवरून कुणीही तुम्हाला दारापर्यंत आणून सोडू शकतो. अशा दोन चिठ्ठ्या करा. एक पर्समध्ये आणि एक कपड्याच्या खिशात. मोबाइलची बॅटरी संपते, चिठ्ठीची संपत नाही.

आणि चार वाक्यं पाठ करून घ्या: "एक्सक्यूज मी", "प्लीज हेल्प", "व्हिच साइड फॉर इलफर्ड?" आणि "थँक यू". इलफर्डच्या जागी तुमच्या भागाचं नाव घाला.

सुरुवात बसनं करा

नवी माणसं आधी जमिनीखालच्या रेल्वेच्या मागं लागतात. माझं सांगणं उलटं आहे. बसमधून रस्ता दिसतो, दुकानं दिसतात, आपण कुठून कुठं चाललो ते कळतं. जिने चढावे-उतरावे लागत नाहीत. आणि बस स्वस्त आहे.

पहिला धक्का बसतो तो कंडक्टर नसण्याचा. 2014 पासून लंडनच्या बसमध्ये रोख पैसे चालतच नाहीत. पुढच्या दारानं चढायचं, ड्रायव्हरजवळच्या पिवळ्या गोलावर कार्ड टेकवायचं, "टिंग" आवाज आला की आत जायचं. उतरताना मधल्या दारानं उतरायचं आणि तेव्हा कार्ड टेकवायचं नाही.

कार्ड दोन प्रकारचं चालतं. एक आपलं बँकेचं आणि दुसरं तिथलं निळं ऑयस्टर कार्ड. ऑयस्टरमध्ये मोबाइलसारखा रिचार्ज टाकायचा असतो. मी गेले तेव्हा नुसत्या कार्डाचेच 7 पौंड पडले, आत टाकायचे पैसे वेगळे. तरी अम्मीसाठी मी तेच घेतलं. हरवलं तर त्यात भरलेले थोडे पौंड जातील, बँकेचं खातं तर सुरक्षित राहील. एक लक्षात ठेवा, एका कार्डावर एकच माणूस. नवरा-बायकोनं दोघांत एक कार्ड टेकवून चालत नाही.

बसचं भाडं 2024 मध्ये पावणेदोन पौंड होतं, म्हणजे साधारण 185 रुपये. दोन थांबे जा नाहीतर शेवटपर्यंत जा, भाडं तेवढंच. अम्मी ऐकून थक्क झाली. "इत्त्यात मी अर्ध्या तिकिटात नगरला जाऊन येऊन वर चहा पिईन!" तिचं म्हणणं खरंच आहे, आणि ज्येष्ठांची सवलत तिथं फक्त तिथल्या रहिवाशांना आहे, पाहुण्यांना नाही. पण दोन सोयी चांगल्या आहेत. पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून एक तासाच्या आत दुसरी, तिसरी कितीही बस पकडा, पुन्हा पैसे कापत नाहीत. आणि नुसत्या बसनंच फिरलात, तर तीन भाडी कापल्यावर त्या दिवशी पुढचा प्रवास फुकट. अकरा वर्षांच्या आतली मुलं मोठ्यांसोबत बसमध्ये आणि जमिनीखालच्या गाडीतही फुकट जातात. दर बदलत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी मुलांकडून एकदा तपासून घ्या.

थांब्यावर बस आपोआप थांबेल असं समजू नका. नंबर दिसला की हात दाखवायचा, आपल्या गावी रस्त्यावर एस.टी.ला दाखवतो तसाच. उतरायचं असेल तर दांड्यावरचं लाल बटण आधीच दाबायचं. पुढचा थांबा कोणता ते बसमध्ये आवाज देऊन सांगतात आणि पाटीवरही दिसतं. पुढच्या जागा म्हाताऱ्या माणसांसाठी, गरोदर बायकांसाठी असतात. तिथं संकोच न करता बसा. मुलाची ढकलगाडी ठेवायला मधे मोकळी जागा असते, पण व्हीलचेअरवरचं माणूस आलं तर ती रिकामी करून द्यायची.

एक बाब आपल्या सोयीची आहे. तिथंही गाड्या डावीकडूनच चालतात. पॅरिस, फ्रँकफर्टला जाल तर उलटं असतं, तिथं रस्ता ओलांडताना आधी डावीकडं पाहायचं. रस्त्याच्या कडेला उभं राहून मोबाइल हातात धरू नका. सायकल-मोटारसायकलवरून येऊन हिसकावून नेणारे तिथंही आहेत. नकाशा पाहायचा तर दुकानाच्या भिंतीला टेकून पाहा.

जमिनीखालची गाडी

जगातली पहिली भुयारी रेल्वे लंडनलाच 1863 मध्ये सुरू झाली, आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीनंतर दहाच वर्षांनी. आज तिथं अकरा लाइनी आहेत आणि प्रत्येकीला नाव आणि रंग आहे. नाव वाचता आलं नाही तरी रंग धरून चालता येतं. भिंतीवर, पाटीवर तोच रंग दिसत राहतो.

इथला नियम बसपेक्षा वेगळा. आत शिरतानाही कार्ड टेकवायचं आणि बाहेर पडतानाही, आणि तेही तेच कार्ड. बाहेर पडताना विसरलात तर सगळ्यात जास्त भाडं कापतात. काही स्टेशनांवर फाटकच नसतं, नुसता खांब असतो. तिथं माणसं हमखास विसरतात. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी चार ते सात या वेळात गर्दीही जास्त आणि भाडंही. म्हातारी माणसं आणि लेकरं घेऊन साडेनऊनंतरच निघा.

सरकत्या जिन्यावर उजव्या बाजूला उभं राहायचं, डावी बाजू घाईत असलेल्यांसाठी मोकळी ठेवायची. जिना चढवत नसेल तर नकाशावर व्हीलचेअरचं चिन्ह असलेली स्टेशनं निवडा, तिथं लिफ्ट असते. आणि नकाशावरच्या अंतरावर विश्वास ठेवू नका. हॅरी बेक नावाच्या आरेखकानं आखलेला आणि 1933 मध्ये छापलेला तो नकाशा समजायला सोपा आहे, पण मापाचा नाही. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही शेजारची दोन स्टेशनं जेमतेम पाव किलोमीटर अंतरावर आहेत. आम्ही त्यासाठी गाडी बदलली आणि मग वर आल्यावर कपाळावर हात मारला.

नमाज, जेवण आणि पाण्याची बाटली

आपण महाराष्ट्रात पश्चिमेकडं तोंड करून नमाज पढतो. लंडनमध्ये किब्ला आग्नेयेला आहे. अम्मी पहिल्या दिवशी सवयीनं मावळतीकडं मुसल्ला अंथरून उभी राहिली होती! वेळाही वेगळ्या. मेच्या शेवटी मगरिब रात्री नऊला आणि फजरची वेळ पहाटे तीनच्या सुमाराला सुरू. डिसेंबरात उलट, मगरिब चारच्या आत. त्यामुळं "मगरिबच्या आत घरी या" हा आपला नियम तिथं चालत नाही. घड्याळ पाहून निघा, घड्याळ पाहून परता.

पूर्व लंडनमध्ये व्हाइटचॅपल रोडवर ईस्ट लंडन मशीद आहे. तिथं बायकांना नमाजची सोय आहे, आणि 2013 साली उघडलेलं मरियम सेंटर खास बायकांसाठी आहे. शहराच्या मध्यावर रीजंट्स पार्कची सोनेरी घुमटाची मशीद आहे, बेकर स्ट्रीट स्टेशनवरून चालत जाता येतं. दिवसभर फिरताना वुजू, नमाज आणि स्वच्छतागृह या तिन्हींसाठी मशीद हाच मोठा आधार आहे.

स्वच्छतागृहात पाणी नसतं, फक्त कागद असतो. पर्समध्ये अर्ध्या लिटरची रिकामी बाटली ठेवा आणि आत जाण्याआधी बेसिनवर भरून घ्या. सांगायला लाज वाटते, पण याच एका कारणासाठी कितीतरी बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मग आजारी पडतात. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, विकत घ्यायची गरज नाही.

हलाल जेवण इलफर्ड लेन, ग्रीन स्ट्रीट, व्हाइटचॅपल, साउथॉल या भागांत सहज मिळतं. पाटीवर हलाल लिहिलं असलं तरी विचारायला हरकत नाही, दुकानदार रागावत नाहीत. पाकिटबंद खाऊ घेताना जिलेटिन तेवढं पाहा. आम्ही तर बहुतेक वेळा घरून पोळी-भाजी आणि उकडलेली अंडी घेऊन निघायचो आणि बागेत बसून खायचो.

पाहायला जाल तर

ब्रिटिश म्युझियमसारखी मोठी संग्रहालयं फुकट आहेत. पण मला दोन ठिकाणं जास्त जवळची वाटली. एक, चॉक फार्म स्टेशनजवळचं 10, किंग हेन्रीज रोड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये शिकत असताना या घरात राहिले. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेऊन स्मारक केलं. दुसरं, लंडनबाहेर वोकिंगची शाहजहाँ मशीद. नमाजसाठी म्हणून बांधलेली ही ब्रिटनमधली पहिली मशीद, 1889 सालची. नावावरून ताजमहालवाला बादशहा आठवतो, पण हे नाव आहे भोपाळच्या नवाब शाहजहाँ बेगम यांचं. पैसा त्यांनी दिला. वॉटर्लू स्टेशनवरून साधारण अर्ध्या तासाची रेल्वे आहे. तिकीट मात्र आधी विचारून घ्या, कारण हे गाव लंडनच्या हद्दीबाहेर आहे.

चुकलं तर?

आता त्या शुक्रवारची गोष्ट सांगते. बहीण इलफर्डला राहते. तिथून 25 नंबरची बस थेट व्हाइटचॅपलला जाते. दोनदा मी अम्मीसोबत गेले. तिसऱ्यांदा मी तिच्या मागं चार सीट सोडून अनोळखी बाईसारखी बसले आणि एक शब्दही बोलले नाही. कुठं चढायचं, कुठं बटण दाबायचं, सगळं तिनंच केलं. चौथ्या वेळी ती जुम्मा पढायला एकटी गेली.

तीनपर्यंत यायला हवी होती. साडेतीन झाले, चार झाले. फोन वाजतोय, कुणी उचलत नाही. बहीण बाळाला घेऊन रडायला लागली. "तुझ्या हट्टापायी झालं आपा!" मी बसथांब्यावर उभी होते आणि येणाऱ्या प्रत्येक बसचं दार पाहत होते. खरं सांगते, त्या तासाभरात मलाही वाटलं की खिडकीच बरी होती.

पावणेपाचला अम्मी उतरली. हातात चिठ्ठी आणि चेहऱ्यावर थकवा, पण घाबरलेली नव्हती. झालं असं की मशिदीतून निघाल्यावर ती ज्या थांब्यावर उतरली होती त्याच थांब्यावर उभी राहिली. 25 नंबर आली, ती चढली आणि उलट्या दिशेनं शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. तिथं सगळे उतरले. ड्रायव्हर काहीतरी बोलला, हिनं चिठ्ठी पुढं केली. त्यानं रस्त्यापलीकडं बोट दाखवलं. एक कॉलेजातली मुलगी तिला हाताला धरून पलीकडच्या थांब्यापर्यंत सोडून गेली. कार्ड टेकवलं तर पैसेही पुन्हा कापले नाहीत, तास व्हायचा होता. आणि फोन? नमाजसाठी आवाज बंद केला होता, तो तसाच राहिला होता.

"उतरी वहींच खड़ी रही मैं," ती म्हणाली. "रस्ता पार करना था, इत्ताच."

त्या दिवसाचे तीन धडे लिहून ठेवा. जाताना जिथं उतरलात, परत येताना त्याच्या समोरच्या बाजूनं चढायचं, आणि बसच्या कपाळावर शेवटच्या ठिकाणाचं नाव पाहायचं. नमाज झाली की फोनचा आवाज सुरू करायचा. आणि चुकलं तरी बसमधून घाईनं भलतीकडंच उतरायचं नाही. ड्रायव्हरला चिठ्ठी दाखवायची. खरंच अडचण असेल तर पोलीस, रुग्णवाहिका, आग या तिन्हींसाठी एकच नंबर आहे, 999.

रात्री बहीण म्हणाली, "आता बास. एकटीनं जायचं नाही." तिची भीती मला समजते. कुरआनचा इंग्रजी अनुवाद करणारे अब्दुल्ला युसूफ अली मूळचे मुंबईचे, 1872 मध्ये जन्मलेले. आयुष्याची कितीतरी वर्षं त्यांनी लंडनमध्ये काढली होती. 1953 च्या डिसेंबरात पोलिसांना ते तिथल्याच रस्त्यावर भांबावलेल्या अवस्थेत सापडले, आणि दुसऱ्याच दिवशी वारले. घरचं कुणी जवळ नव्हतं. वोकिंगजवळ ब्रुकवुडच्या कब्रस्तानात त्यांची कबर आहे. इतका मोठा विद्वान, त्यांना काय लंडनचे रस्ते माहीत नव्हते? वाट पाहणारं माणूस नव्हतं. आपल्या अम्मी-अब्बांना ते आहे. म्हणून त्यांना घरात बसवून ठेवायचं नाही, तर चिठ्ठी देऊन बाहेर पाठवायचं आणि आपण थांब्यावर उभं राहायचं.

आणि न शिकलेल्या बाईला हे जमणार नाही, असं तर म्हणूच नका. आमच्या तालुक्यातून दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळ्या निघतात. माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया कर्नाटकातल्या अनोळखी कारखान्यापर्यंत जातात. ना भाषा येते, ना पाटी वाचता येते. तरी विचारत विचारत दवाखाना शोधतात, बाजार शोधतात, घर चालवतात. अम्मीनंही बहिणीला तेच ऐकवलं, "पूछने में कायकी शरम?" पुढच्या शुक्रवारी ती पुन्हा गेली आणि वेळेत परत आली.

मी जूनमध्ये परत आले. ती ऑक्टोबरात आली. मधल्या काळात ती नातवाला शाळेतून आणू लागली, इलफर्डच्या बाजारातून मेथी आणू लागली, आणि शेजारच्या एका सिल्हेटी खालांना घेऊन दर जुम्म्याला 25 नंबरनं जाऊ लागली. दोघींची भाषा वेगळी, पण बस एकच.

गल्लीतल्या बायका पुन्हा जमल्या. त्यांच्यातल्या एकीचा मुलगा बर्मिंगहॅमला आहे, तिचा व्हिसा नुकताच आला होता. ती बिचारी घाबरलेली. अम्मीनं माझ्या कपाटातून जाड कागद काढला, चष्मा लावला आणि म्हणाली, "पहले चिठ्ठी लिखेंगे. पत्ता बोल."

पत्ता मी इंग्रजीत लिहिला. मोबाइल नंबरचे आकडे अम्मीनं स्वतः लिहिले.

पुढच्या अंकात भेटू, इन्शाअल्लाह.